उच्चशिक्षित, निर्व्यसनी सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर हवा

सख्ख्या बहिणीला सख्ख्या भावाचं स्थळ सुचवण्याचा पराक्रम मुलुंडच्या मंगलवर्धिनी वधू-वर सूचक मंडळाच्या कॉम्प्युटरने एका गुरुवारी सकाळी केला, आणि त्याबद्दलची बोलणी मंडळाचे सचिव नंदकिशोर चौबळ यांना अर्धी दाढी झालेली असताना खावी लागली. फोनवर त्या दोन्ही मुलांची आई होती. बाई रडताहेत की हसताहेत तेच कळेना. एकतीस गुण जुळतात, अनुरूप स्थळ आहे, त्वरित संपर्क साधावा, असा मेसेज मंडळाकडून दोघांनाही आला होता आणि दोघं एकाच टेबलावर बसून तो वाचत होते. नंदकिशोरांनी माफी मागून फोन ठेवला तर दुसरा तयारच. घाटकोपरच्या एका एकसष्ट वर्षांच्या विधुर गृहस्थांना चोवीस वर्षांची मुलगी सुचवली गेली होती. त्यांची मात्र काही तक्रार नव्हती. बघायला कधी यायचं, एवढंच ते विचारत होते.

दुपारपर्यंत इतके फोन आले की उरलेली अर्धी दाढी संध्याकाळवर गेली. फोन बंद करून ठेवा, असं नीलमताई म्हणजे सौ. चौबळ सांगत होत्या. पण मंडळाच्या प्रत्येक पत्रकावर नंबर ह्यांचा, तो बंद कसा करणार? बरं, दुसरी एखादी वेळ असती तर नंदकिशोरांनी हे सगळं अध्यक्षांच्या गळ्यात टाकून दिलं असतं. पण महिन्यापूर्वीच्या वार्षिक सभेत ते नको ते बोलून बसले होते. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की सचिवांचं आता वय झालं, नव्या दमाचा माणूस बघावा. झालं. नंदकिशोर ताडकन उठले आणि म्हणाले की ह्या वर्षीचा मेळावा पूर्ण कॉम्प्युटरवर होईल, एक कागद हलणार नाही, आणि नाही झाला तर स्टेजवरून तिथल्या तिथे राजीनामा देईन. असं काही करा म्हणून त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून इस्त्रीचा शर्ट घालायला त्यांना हे एकच निमित्त उरलं होतं. रोज पाचच्या सुमाराला ते पूर्वेला स्टेशनजवळच्या एका सोसायटीत, मीटरच्या खोलीमागे असलेल्या मंडळाच्या कचेरीत जात, पंखा लावत आणि लोकांच्या मुलामुलींची काळजी करत. सचिवपद गेलं तर पाच वाजता करायचं काय, हा विचार नुसता डोक्यात आला तरी त्यांना गॅस व्हायचा.

तोपर्यंत मंडळाचा कॉम्प्युटर अध्यक्षांचा भाचा कॅनडातून फोनवर सांभाळत असे. हल्ली तो फोन उचलत नव्हता. नंदकिशोरांची मुलगी रेवती पवईला एका ऑफिसात नोकरीला होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर लागेल. अर्धवेळ का होईना, पण ठेवा." नंदकिशोरांना ते नावच फार आवडलं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. जिन्यात जो भेटेल तो सल्ला देऊ लागला. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, कसला ॲडमिनिस्ट्रेटर, बंद करून चालू करा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी कचेरीत येऊन पाहणी केली आणि कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे, लग्नं मोडतील नाही तर काय, असं निदान केलं. नंदकिशोरांचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी कुणी नसताना टेबल फिरवलं. त्याने एवढंच झालं की वायर प्लगपर्यंत पोचेना, आणि ते परत फिरवताना त्यांच्या कमरेत उसण भरली. कमरेला पट्टा बांधूनच ते कार्यकारिणीच्या सभेला गेले.

सभेत पहिला प्रश्न आला तो शिक्षणाचा. अध्यक्ष शिवदास गुप्ते एका कॉलेजचे निवृत्त कुलसचिव. माणसाचं नाव ते विसरतील, पदवी विसरणार नाहीत. शिवाय मंडळाच्या कपाटाची शिस्तच तशी होती. खालच्या फळीवर नुसते पदवीधर, मधल्या फळीवर इंजिनिअर, त्यावर एम.बी.ए. वगैरे, आणि सगळ्यात वर काचेच्या दाराआड डॉक्टर, पीएच.डी. आणि परदेशस्थ. चाळीस वर्षं ज्यांनी माणसं अशी फळीवर लावली, त्यांच्यासमोर नोकरीचा विषय आला म्हणून हात थोडाच वेगळा चालणार? किमान पदव्युत्तर, पीएच.डी. असल्यास प्राधान्य, असं गुप्तेसाहेबांनी डोळे मिटून सांगून टाकलं.

"अहो, पण त्याला करायचंय काय? आपला तो कॉम्प्युटरचा डबा चालू ठेवायचाय," नंदकिशोर म्हणाले. त्यांना ह्या पदव्यांच्या कौतुकाचा पहिल्यापासूनच राग होता, आणि स्वतःच्या शिक्षणाचा विषय ते कधी निघू देत नसत. त्यावर जोडसचिव शुभाताई वैद्य म्हणाल्या की शिकलेला माणूस घरात, म्हणजे कचेरीत, असलेला बरा. शुभाताईंची एक भाची डोंबिवलीला होती. खजिनदारांची पुतणी ठाण्याला होती. गुप्तेसाहेबांची नात नुकतीच पुण्याहून शिकून आली होती. प्रत्येकाच्या घरात मुलगी किती वर्षांची आहे त्यावर त्याचं शिक्षणाबद्दलचं मत ठरत होतं, आणि हे फक्त आपल्यालाच दिसतंय ह्याने नंदकिशोर मनातल्या मनात फार चिडले. पीएच.डी.ला प्राधान्य, हे एकाविरुद्ध सगळ्या मतांनी मंजूर झालं.

मग घटनेची भानगड निघाली. मंडळाच्या घटनेत मानधनाच्या जागा तीनच होत्या: लेखनिक, शिपाई आणि पुरोहित. कॉम्प्युटरवाल्याची जागा नव्हती. घटना बदलायची तर दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, आणि तेवढे सभासद फक्त मेळाव्याच्या जेवणाला येत. लेखनिकाच्या जागेवर पीएच.डी. नेमणं गुप्तेसाहेबांना प्रशस्त वाटेना, शिपायाचं तर नावच नको. राहता राहिली पुरोहिताची जागा. ती कित्येक वर्षं रिकामी होती, मानधन त्यातल्या त्यात बरं होतं आणि वेळेचं बंधन नव्हतं. तेव्हा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर पुरोहित म्हणून नेमावा असं ठरलं. हे ठरताना कुणाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही, आणि घरी येऊन नंदकिशोरांनी ते सांगितलं तेव्हा रेवती हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली.

जाहिरात शुभाताईंनी लिहिली. हाताला जे वळण पडलंय तसंच लिहिलं. सुस्वभावी, उच्चशिक्षित, निर्व्यसनी, मुंबईस्थित सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर हवा, पत्रिकेची अट नाही. वर्तमानपत्रात मंडळाचं खातं लग्नाच्या स्तंभाचंच, त्यामुळे छापूनही तिथेच आली, घटस्फोटित आणि प्रथमवर यांच्या मधोमध. पुन्हा नंदकिशोरांचा फोन सुरू झाला. मुलगा एम.टेक. आहे पण उंची थोडी कमी आहे, चालेल का? मुलीचा फोटो पाठवाल का? एका बाईंनी तर फैलावरच घेतलं, की हल्लीच्या मुलींच्या अपेक्षा किती वाढल्या, आता सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरच पाहिजे म्हणे, साधा इंजिनिअर चालत नाही. नंदकिशोरांनी त्यांना समजावलं की ही नोकरी आहे. त्या म्हणाल्या, संसार म्हणजे नोकरीच असते, मला काय सांगता, आणि फोन आपटला.

शेवटी रेवतीने नोकऱ्यांच्या एका वेबसाइटवर दोन ओळी टाकल्या आणि दोन माणसं मुलाखतीला आली.

पहिले डॉ. ओजस रेगे, बोरिवलीचे. कॉलेजातली नेमणूक अडकली होती, ती सुटेपर्यंत काहीतरी हवं होतं. सरळ, शांत मुलगा. त्याने पीएच.डी. कशात केली असं विचारल्यावर त्याने बिचाऱ्याने सोपं करून सांगितलं, की पुष्कळ कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असताना त्यातला एखादा खोटं बोलायला लागला तर बाकीच्यांनी खरं काय ते कसं ठरवायचं. शुभाताईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, आम्ही चाळीस वर्षं दुसरं करतोय काय. पुढचे प्रश्न असे आले: उंची किती, चष्म्याचा नंबर किती, घर स्वतःचं की भाड्याचं, बहीण दिली कुठे, मासे खाता का. ओजसने सगळ्यांची उत्तरं दिली. हल्ली मुलाखती अशाच होत असतील असं त्याला वाटलं असावं. नंदकिशोरांनी एकच प्रश्न तयार करून आणला होता: ऐन मेळाव्यात कॉम्प्युटर बंद पडला तर काय कराल? ओजस म्हणाला, ते का बंद पडला ह्यावर अवलंबून आहे. उत्तर बरोबर होतं, पण नंदकिशोरांना त्याने धीर आला नाही.

दुसरा ॲश्टन परेरा, मनोरीचा. तो तासभर उशिरा आला, कारण मार्वेची फेरीबोट चुकली. बारावी झाल्यावर डिप्लोमा केलेला आणि त्यातलाही एक विषय राहिलेला, हे त्याने विचारण्याआधीच सांगून टाकलं. गुप्तेसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. शुभाताई घड्याळ बघायला लागल्या. उंची कुणीच विचारली नाही. नंदकिशोरांनी आपला प्रश्न त्यालाही विचारला. ॲश्टन म्हणाला, "अंकल, आधी तुम्हाला सांगणार, घाबरू नका. मग मागे जाऊन मी घाबरणार." नंदकिशोरांना हसू आवरेना. पण नेमणूक ओजसची झाली, पुन्हा एकाविरुद्ध सगळ्यांच्या मतांनी.

ओजसच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. पंधरा दिवसांत त्याने डबा उघडून नीट केला, नवीन सिस्टीम बसवली, भाऊ-बहिणी वेगळ्या केल्या. आणखी थोडा वेळ त्याला खुर्चीवर बसू दिलं असतं तर मेळाव्याचंही सगळं झालं असतं. पण बसू देतंय कोण? सोमवारी शुभाताईंकडे कांदेपोहे. मंगळवारी खजिनदारांकडे साबुदाण्याची खिचडी, आणि पुतणी योगायोगाने ठाण्याहून आलेली. बुधवारी गुप्तेसाहेबांच्या नातीला एक्सेल शिकायचं होतं. ओजस कचेरीत आला की मागोमाग कुणीतरी डबा घेऊन यायचं, आणि तो उठून जाताना कीबोर्डमध्ये शेव अडकलेली असायची. एकट्या नंदकिशोरांनी त्याला घरी बोलावलं नाही. अख्ख्या मुलुंडने त्याला खाऊ घातलं, आपणच तेवढे सोवळे, असं नीलमताईंनी दोन-तीनदा सुनावलं. नंदकिशोर म्हणाले, माझ्यासाठी तो कर्मचारी आहे. आपल्या मुलीच्या लग्नाची चिंता त्यांना नव्हती असं नाही. वधू-वर मंडळाचा सचिव आणि स्वतःची तिशीतली मुलगी घरात, ह्यावरून टोमणे मारणारे काय कमी होते? पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

आणि एक दिवस शुभाताईंनी कळस केला. मुलाखतीच्या वेळचा फोटो, उंची, चष्म्याचा नंबर, मासे खातो, अशी सगळी माहिती घालून त्यांनी ओजसला न विचारता मंडळात वर म्हणून नोंदवून टाकलं. सिस्टीम ओजसनेच इतकी चोख बसवली होती की तिने क्षणात त्याला अनुरूप अशा सगळ्या मुलींना मेसेज पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीला रेग्यांच्या दारात पेढे घेऊन दोन कुटुंबं उभी होती आणि तिसरं लिफ्टमध्ये होतं.

ओजस त्याच दिवशी कचेरीत आला, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "काका, मी पुरोहित म्हणून आलो होतो. वर म्हणून नाही." नंदकिशोरांनी त्याची मनापासून माफी मागितली. तो जाताना मेळाव्यासाठी काय काय करायचं राहिलंय ते नीट समजावून गेला, नंदकिशोरांना त्यातलं अक्षर कळलं नाही. मेळावा तीन आठवड्यांवर आला होता.

सभा बोलावली. एक जण दुसऱ्याला दोष देत होता आणि सगळे मिळून दारातल्या पेढ्यांवरून चिडलेल्या ओजसच्या आईला, की एवढं काय रागवायचं. नंदकिशोरांचं डोकं फिरलं. आजवर ते सभेत चिडून बोलत, त्या दिवशी उभं राहून शांतपणे बोलले. म्हणाले की तुम्ही कॉम्प्युटरवाला शोधत नव्हता, जावई शोधत होता. पदवी ही घरात मिरवायची गोष्ट आहे, काम करायला माणूस लागतो. "माणूस बघा, कागद बघू नका. परेराला बोलवा, नाही तर मी राजीनामा आत्ताच देतो." चाळीस वर्षांत इतकं स्वच्छ कुणी बोललं नसेल, असं त्यांचं त्यांनाच वाटलं. सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक मंजूर झाली.

पण जागा पुरोहिताची आणि उमेदवार ख्रिश्चन, हे गुप्तेसाहेबांच्या घशाखाली उतरेना. मंडळाच्या वकिलांना फोन लावला. त्यांनी घटना वाचून सांगितलं की पुरोहित हवा एवढंच लिहिलंय, कुठल्या धर्माचा ते लिहिलेलं नाही. अशा रीतीने मनोरीचे श्री. ॲश्टन परेरा हे मंगलवर्धिनीचे पुरोहित झाले. ॲश्टनने ते घरी सांगितलं तेव्हा त्याची आई पेट्रिशिया म्हणे आधी घाबरली आणि मग फादरना विचारून आली. फादर म्हणाले, काम प्रामाणिक असलं की झालं.

ॲश्टनसाठी कुणी डबा आणला नाही. कुणाच्या भाचीला एक्सेल शिकायचं नव्हतं. कचेरीत पहिल्यांदाच शांतता झाली. तरी नंदकिशोरांच्या जिवाला चैन कुठली? हा पोरगा रोज उशिरा यायचा, कानात काहीतरी घालून गाणी ऐकायचा, मोठ्याने जांभया द्यायचा. झालं का असं विचारलं तर टेन्शन नको अंकल, डॉक्टरने बेस एकदम झकास बनवलाय, मी फक्त याद्या वर चढवतोय, असं म्हणायचा. तो खरंच काम करतो की टाइमपास, हे कळायला काही मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी रेवतीला गळ घातली. शनिवारी सुट्टी असते ना, जरा येऊन बस गं, तुला ह्यातलं कळतं, नजर ठेव त्याच्यावर. रेवती आधी कुरकुरली. मग आली. संध्याकाळी म्हणाली, करतोय तो काम. पुढच्या शनिवारी तिने जास्त तपशीलवार अहवाल दिला. त्यानंतर ती ऑफिस सुटल्यावर मधल्या वारीही येऊ लागली, आणि मुलीला अखेर मंडळाच्या कार्यात रस वाटू लागला ह्याचा नंदकिशोरांना इतका आनंद झाला की त्यांनी तो जिन्यात चार जणांना सांगितला.

मेळाव्याचा रविवार उजाडला. हॉल गच्च भरला होता. पडद्यावर एकेक उमेदवाराचा फोटो आणि माहिती येत होती, एकही कागद हलत नव्हता. नंदकिशोर माइकजवळ उभे होते, अबोली रंगाच्या नव्या कुडत्यात. तासभर सगळं सुरळीत चाललं आणि मग पाचव्या रांगेतून एक गृहस्थ उठून उभे राहिले. ते धाकट्या भावासाठी आले होते, आणि पडद्यावर त्यांची स्वतःची बायको आली होती: सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, अनुरूप वर पाहिजे. मागोमाग आणखी एक लग्न झालेली मुलगी आली, मग आणखी एक. ॲश्टनने लग्न जुळलेल्यांची यादी चुकून वर चढवली होती. हॉलमध्ये हलकल्लोळ. शुभाताई मटकन खुर्चीत बसल्या. गुप्तेसाहेब नंदकिशोरांकडे अशा नजरेने बघायला लागले की राजीनाम्याचे शब्द त्यांच्या जिभेवर आलेच. तेवढ्यात पडद्यामागून ॲश्टनचं डोकं बाहेर आलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "अंकल, घाबरू नका," आणि आत गेला. म्हणजे आता तो घाबरतोय, हे नंदकिशोरांना पक्कं ठाऊक होतं.

पण माइक हातात होता. त्यांनी घसा साफ केला आणि काय बोलतोय ते न कळता बोलून गेले, की मंडळींनो, ही आपल्या मंडळाने जुळवलेली यशस्वी जोडपी, त्यातली काही आज आपल्यात आहेत, टाळ्या होऊन जाऊ द्या. पाचव्या रांगेतले गृहस्थ गोंधळून बसले. टाळ्या पडल्या. पडद्यामागे ॲश्टन आणि रेवती एकमेकांवर ओरडत होती, ते माइकमधून थोडंफार ऐकूही येत होतं. मग पडदा एकदा काळा झाला, आणि पुन्हा उजळला तेव्हा त्यावर ठाण्याचा एक अविवाहित दंतवैद्य होता. नंदकिशोरांना जगातला कुठलाही माणूस त्या दंतवैद्याइतका सुंदर दिसला नव्हता.

मेळावा कधी नव्हे इतका रंगला. शेवटी गुप्तेसाहेबांनी नंदकिशोरांना शाल आणि नारळ दिला आणि भाषणात कबूल केलं की पदवी महत्त्वाची नसते, माणूस महत्त्वाचा, हे सचिवांनी आपल्या सर्वांना शिकवलं. नंदकिशोर रात्रभर शांत झोपले. कित्येक आठवड्यांत गॅस न झालेला तो पहिलाच दिवस.

सोमवारी संध्याकाळी ते कचेरीत जायला निघणार तेवढ्यात नीलमताईंनी बसा जरा म्हटलं आणि न मागता चहा ठेवला. रेवती समोर येऊन बसली. नीलमताई स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभ्या राहिल्या.

"बाबा," रेवती म्हणाली, "मी आणि ॲश्टनने लग्न करायचं ठरवलंय."

नंदकिशोरांनी कप खाली ठेवला. सगळे शनिवार त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. नजर ठेव म्हणून आपणच पाठवलं होतं, हेही आठवलं. राग यायला हवा होता, पण तो येईना. त्यांना पोरगा आवडला होता, खरं तर पहिल्या दिवसापासून. पोरीचा चेहरा त्यांनी इतका धास्तावलेला कधी पाहिला नव्हता आणि ते बघून त्यांचंच काळीज हललं.

"धर्माचं म्हणत असशील," ते सावकाश म्हणाले, "तर माझ्याकडून काही हरकत नाही. चर्चमध्ये करा, रजिस्टर करा, दोन्ही करा. लोक बोलतील. बोलू देत."

नीलमताई तिथल्या तिथे स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. रेवती उठून बापाच्या गळ्यातच पडली. त्या क्षणी आपण किती मोठे झालो आहोत असं नंदकिशोरांना वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"फक्त एक," ते म्हणाले. "तो पुढे शिकणार आहे ना?"

रेवतीने मान वर केली. "काय शिकणार?"

"काहीतरी. एम.एस्सी., एम.टेक. हल्ली बाहेरूनही करता येतं. घाई नाही माझी."

"माणूस बघा, कागद बघू नका. असं सगळ्या कार्यकारिणीला कोण म्हणालं होतं?"

"अगं, ते नेमणुकीबद्दल होतं," नंदकिशोर कळवळून म्हणाले. "ती सहा महिन्यांची तात्पुरती जागा होती. ही कायमची आहे."

नीलमताईंनी पदर बाजूला केला. गेला आठवडाभर त्या, ह्यांनी धर्म काढला तर काय बोलायचं, त्याची तयारी करत होत्या. बहिणीला फोन करून झाला होता, भावाला तयार ठेवला होता. "ह्याची तयारी मी केलीच नव्हती," एवढंच त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

रेवती गॅलरीत जाऊन ॲश्टनला फोन लावून आली. म्हणजे आली ती फोन कानाला लावूनच. पलीकडे ॲश्टन काय म्हणत होता ते ऐकू येत नव्हतं, पण मागून एका बाईचा खणखणीत आवाज येत होता. रेवतीने फोनवर हात ठेवला.

"बाबा, ॲश्टन म्हणतोय, एम.एस्सी.चं बघू. पण त्याची आई पेट्रिशिया आंटी जवळच बसलीये, आणि ती काहीतरी विचारतेय."

"काय?"

"मुलीचे वडील किती शिकलेत?"

नंदकिशोर एकदम उभे राहिले. त्यांनी इस्त्रीच्या शर्टाची कॉलर नीट केली, स्वयंपाकघराकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग मुलीच्या जवळ जाऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "ग्रॅज्युएट म्हण. नुसतं ग्रॅज्युएट म्हण. बाकीचं समोरासमोर बोलू."